बोलका ढोल आणि परका सूर : आय. के. डाइरो यांचें जीवन व कार्य

श्रोतेहो, परक्या मुलखांतून एखादें वाद्य आपल्या घरीं आलें, म्हणजे त्याच्याबरोबर एक प्रश्नहि घरांत येतो. आपल्या गाण्यानें त्या वाद्याच्या चालीनें चालावयाचें, कीं त्या वाद्यानें आपल्या गाण्याची चाल शिकावयाची? पंडितांच्या परिषदांतून या प्रश्नाचें उत्तर क्वचितच मिळतें. तें बहुधा एखादा गायक किंवा वादक आपल्या उभ्या आयुष्यानें देतो. पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया देशाच्या नैर्ऋत्य भागांत योरुबा नांवाचा फार मोठा लोकसमाज राहतो. त्या समाजाच्या वतीनें हें उत्तर ज्यांनीं दिलें, त्या आयझाया केहिंदे डाइरो या कलावंताची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे. ‘जुजू’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताचे ते जनक नव्हते. परंतु ताडीच्या गुत्त्यांत आणि लहानसान घरगुती बैठकींत वाजणारें तें संगीत एका नवस्वतंत्र राष्ट्राच्या दिवाणखान्यांत नेऊन बसविण्याचें श्रेय ज्या थोड्या लोकांस द्यावें लागतें, त्यांत डाइरो यांचें नांव अग्रभागीं आहे.

त्यांची कामगिरी समजावयाची, तर प्रथम योरुबा भाषेचा एक विशेष ध्यानांत घेतला पाहिजे. या भाषेंत शब्दाचा अर्थ केवळ अक्षरांवर ठरत नाहीं. तीं अक्षरें कोणत्या उंचीवर उच्चारलीं यावरहि तो ठरतो. उंच, मध्यम आणि नीच अशा तीन पातळ्यांवर ही भाषा चालते. ‘ओको’ हा एकच उच्चार घ्या. दोन्ही अक्षरें मध्यम पातळीवर म्हटलीं, तर त्याचा अर्थ होतो नवरा. दुसरें अक्षर उंच नेलें, कीं नवऱ्याची कुदळ होते. तेंच अक्षर खालीं उतरविलें, तर कुदळीचें वाहन होतें; आणि दोन्ही अक्षरें नीच पातळीवर ठेविलीं, तर हातीं येतो तो भाला! बोलणें हेंच अशा रीतीनें अर्धें गाणें असल्यामुळें, या लोकांत बोलणारीं वाद्येंहि निर्माण झालीं यांत नवल नाहीं.

या वाद्यांत मुख्य आहे तो त्यांचा बोलका ढोल. त्याच्या थोरल्या प्रकारास ‘दुंदुन’ आणि धाकट्यास ‘गांगान’ म्हणतात. आकार आपल्या डमरूसारखा, मध्यें बारीक व दोहों तोंडांस रुंद. परंतु डमरूहून पुष्कळ मोठा. दोन्ही तोंडांवरील कातडीं चामड्याच्या वाद्यांनीं एकमेकांस जखडलेलीं असतात. ढोल खांद्यास अडकवून वादक त्या वाद्या हातानें किंवा काखेंत दाबतो, तेव्हां कातडें ताणलें जाऊन आवाज चढतो. दाब सैल केला, कीं तो उतरतो. अशा रीतीनें वाक्याचे चढउतार हुबेहूब वठवितां येतात. एकट्या शब्दावरून घोटाळा होईल, म्हणून वादक म्हणी, वंशस्तुति, बिरुदें अशीं लोकांच्या कानांत मुरलेलीं वाक्यें वाजवितो. आणि ऐकणारा तीं ओळखून हंसतो, लाजतो किंवा खिशांत हात घालतो. ही विद्या कित्येक घराण्यांतून वंशपरंपरेनें चालत आलेली असून, त्या घराण्यांतील पुरुषांचीं नांवें बहुधा ‘आयान’ या शब्दानें सुरू होतात.

आतां अशा भाषेवर परकी चाल लादली, तर काय होईल याची कल्पना करा. एकोणिसाव्या शतकांत ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं आपलीं स्तोत्रें योरुबा भाषेंत आणलीं, तेव्हां शब्द योरुबा होते आणि चाल विलायती होती. शब्द ज्या ठिकाणीं खालीं उतरावयाचा, त्याच ठिकाणीं चाल वर चढे. आणि भाविकांच्या तोंडून कांहीं भलताच अर्थ निघे, किंवा कोणताच अर्थ निघत नसे. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभास तेथील ख्रिस्ती संगीतकारांनीं बोलण्याच्या चढउतारास अनुसरणाऱ्या स्वतंत्र चाली बांधावयास प्रारंभ केला. तात्पर्य, वाद्यानें भाषेस नमावें कीं भाषेनें वाद्यास, हा वाद तेथें निव्वळ अभिमानाचा नव्हता. गातांना आपल्या तोंडचा शब्द शाबूत राहतो कीं नाहीं, इतका तो मूलभूत होता.

जुजू संगीताचा जन्म झाला तो लागोस बंदरांत. इंग्रजांनीं हें बंदर १८६१ सालीं आपल्या ताब्यांत घेतलें होतें. गुलामगिरींतून सुटून सिएरा लिओनमार्गें परतलेलीं कुटुंबें, ब्राझीलहून परतलेलीं कुटुंबें, देशोदेशींचे खलाशी आणि आंतील प्रदेशांतून पोट भरावयास आलेले योरुबा, अशी नाना प्रकारची वस्ती तेथें झाली. खलाश्यांबरोबर गिटार आली. चर्च आणि लष्करी बँड यांच्याबरोबर विलायती स्वरमेळ आले. रेव्हरंड जोसाया रॅन्समकुटी यांनीं १९२२ सालीं लंडनमध्यें योरुबा गीतांच्या तबकड्या मुद्रित केल्या. पुढें १९१० सालीं जन्मलेले टुंडे किंग यांनीं तिसाव्या-चाळिसाव्या सालांच्या दरम्यान बँजोच्या जातीचें तंतुवाद्य, खंजिरी आणि भोपळ्याचा खुळखुळा एवढ्या सामग्रीवर जी बैठक जमविली, तिलाच ‘जुजू’ हें नांव पडलें. या नांवाच्या उगमाविषयीं अनेक कथा आहेत. योरुबा भाषेंत ‘जु’ म्हणजे फेंकणें, आणि खंजिरी वाजविणारा ती हवेंत फेंकून झेलीत असे, त्यावरून हें नांव आलें, अशी त्यांतील एक कथा आहे.

हें आरंभींचें जुजू संगीत हळुवार होतें. त्यांत बोलका ढोल नव्हता. कारण तो वाजूं लागला असता, तर बिचाऱ्या तंतुवाद्याचा आवाज कोणास ऐकूंच आला नसता. ही अडचण दूर झाली ती विजेमुळें. दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिवर्धक सुलभ झाले, गिटारचा आवाज मोठा करितां येऊं लागला, आणि मग ढोलांना आंत घेण्यास हरकत उरली नाहीं. १९५० च्या सुमारास आयिंदे बकारे प्रभृति वादकांनीं हा मार्ग खुला केला. विलायती यंत्रानें देशी वाद्याची गळचेपी करण्याऐवजीं त्यास दार उघडून द्यावें, ही इतिहासांतील एक मौजेची गोष्ट होय.

या उघड्या दारांतून जे आंत आले, त्यांत डाइरो होते. त्यांचा जन्म ६ जानेवारी १९३० रोजीं ओफा या गांवीं झाला. लागोसहून उत्तरेस कानोकडे जाणारा लोहमार्ग या गांवावरून जातो. त्यांचें कुटुंब मूळचें इजेबु-जेशा या गांवचें. ‘केहिंदे’ हें नांव योरुबा लोक जुळ्यांपैकीं मागून जन्मलेल्या मुलास देतात; आणि मागून येणारा तोच खरा थोरला, कारण जग कसें आहे तें पाहावयास त्यानेंच धाकट्याला पुढें धाडलें, असें ते मानतात. वडील सुतारकाम करीत. मुलगा सात वर्षांचा झाला, तेव्हां त्यांनीं त्याला आपल्या हातानें एक ढोल करून दिला. घरच्या ओढगस्तीमुळें मिशनच्या शाळेंतील शिक्षण अर्धवट सुटलें आणि मुलगा इजेबु-जेशा येथें येऊन केशकर्तनाचा धंदा करूं लागला. शाळा सुटली, परंतु वडिलांनीं दिलेला ढोल मात्र सुटला नाहीं. प्रवासांत तो त्याच्याबरोबरच होता.

१९४२ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, तैवो इगेसे यांच्या ताफ्यांत त्यांना प्रवेश मिळाला. पण कांहीं वर्षांतच तो ताफा मोडला. १९४८ सालीं ते एडे या गांवीं एका व्यापाऱ्याकडे राहून दारोदार कापड विकूं लागले आणि फावल्या वेळीं गाणेंबजावणें करूं लागले. एके दिवशीं मालक परगांवाहून परतला, तों आपला नोकर एका समारंभांत वादकांच्या मेळ्यांत रंगून गेलेला त्याच्या दृष्टीस पडला. मालकाचा राग अनावर झाला आणि नोकरी गेली. त्यानंतर मिळेल ती अंगमेहनत करून डाइरो यांनीं चार पैसे गांठीं बांधले व इबादान शहर गांठलें. तेथें डॅनियल ओजोगे या जुन्या जुजू वादकाच्या ताफ्यांत रात्रीच्या बैठकींना साथ करून ते ही कला जवळून शिकले. नंतर गांवीं परतून १९५७ सालीं त्यांनीं दहा जणांचा स्वतःचा ताफा उभा केला आणि त्यास ‘मॉर्निंग स्टार ऑर्केस्ट्रा’ असें नांव दिलें.

काळहि अनुकूल होता. कोकोच्या निर्यातीनें पश्चिम प्रांतांत पैसा आला होता. १९५५ पासून तेथें प्राथमिक शिक्षण मोफत झालें होतें. इबादान येथें १९४८ सालीं विद्यापीठाचें महाविद्यालय निघालें, आणि १९५९ सालीं त्याच शहरांतून दूरचित्रवाणीचें प्रक्षेपण सुरू झालें. वकील, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक असा एक नवा वर्ग उदयास येत होता. त्याला विलायती नाच येत होते, ‘हायलाइफ’ नांवाचें शिंगें-तुताऱ्यांचें बँडसंगीतहि आवडत होतें. परंतु १ ऑक्टोबर १९६० रोजीं देश स्वतंत्र झाला, तेव्हां त्या वर्गाला आपल्या मोठेपणास शोभेल असें, पण आपल्या भाषेंत बोलणारें संगीत हवेंसें वाटूं लागलें. स्वातंत्र्याच्या त्या उत्सवांत इबादानच्या एका नामांकित वकिलाच्या घरीं मोठी मेजवानी झाली आणि तेथें डाइरो यांच्या ताफ्यास बोलावणें आलें. समाजांतील कर्ते पुरुष तेथें जमले होते. त्या बैठकीनंतर त्यांना आमंत्रणांची वाण पडली नाहीं. पुढें लवकरच त्यांनीं ताफ्याचें नांव ‘ब्लू स्पॉट्स’ असें केलें, आणि पश्चिम प्रांताच्या दूरचित्रवाणीवर जुजू वादकांची जी स्पर्धा झाली, तींतहि ते विजयी ठरले.

त्यांच्या संगीतांत असें नवीन काय होतें? एक म्हणजे अकॉर्डियन. छातीशीं धरून, भाता दाबून-ओढून, बटनांवर बोटें चालवीत वाजविण्याचें हें युरोपीय वाद्य जुजू संगीतांत प्रतिष्ठेस चढविलें तें डाइरो यांनीं. दुसरें म्हणजे बोलका ढोल. तो ताफ्यांत पूर्वींच आला होता. डाइरो यांनीं त्याला साथीदाराच्या जागेवरून उठवून संभाषणांत आणून बसविलें. अकॉर्डियन आणि आपली हार्मोनियम या एकाच कुळांतल्या. दोहोंतहि धातूची पातळ पट्टी वाऱ्यानें थरथरून स्वर निघतो. महाराष्ट्रीय श्रोत्यांना येथें आपल्या पेटीचा वाद आठवल्यावांचून राहणार नाहीं. रंगभूमीवर पेटीनें राज्य केलें. पण तिचे सूर ठोकळ, तिला मींड नाहीं, श्रुति नाहींत, या आक्षेपावरून आपल्या नभोवाणीनें १९४० पासून सुमारें तीन दशकें तिला दार बंद ठेविलें होतें. डाइरो यांच्यापुढील अडचण याच जातीची होती. अकॉर्डियनचे सूर ठरलेले. तें ढोलाप्रमाणें घसरत चढूं शकत नाहीं, कीं उतरूं शकत नाहीं. परंतु योरुबा बोलण्यांत महत्त्व असतें तें एका अक्षराहून दुसरें उंच कीं नीच, याला. म्हणून चाल जर वाक्याच्या चढउतारानें बांधली, तर ठरीव सुरांचें वाद्यहि तिच्या मागून निमूटपणें चालूं शकतें. आधीं वाक्य, मग चाल, आणि त्यानंतर वाद्य, असा हा क्रम आहे. डाइरो यांच्या यशाचें मर्म या क्रमांत आहे, असें मला वाटतें.

‘सालोमे’ हें त्यांचें १९६२ सालचें गीत याचा उत्तम दाखला आहे. सालोमे नांवाच्या स्त्रीला उद्देशून तें गाइलेलें आहे. त्या काळच्या लहान तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. तेवढ्या अवकाशांत डाइरो यांनीं तीन अंक बसविले. प्रथम अकॉर्डियनच्या संगतीनें गीताचा मुखडा येतो. मध्यें गायक बाजूला सरतात आणि बोलका ढोल पुढें येतो. तो एक वाक्य बोलतो आणि माणसें त्याला उत्तर देतात. शेवटीं पुन्हा मुखड्यावर येऊन गीत संपतें. सुरांचें वाद्य दाराशीं स्वागताला उभें आहे आणि घराच्या माजघरांत मात्र ढोल बोलतो आहे, अशी ही रचना आहे. हें करीत असतां त्यांनीं आपल्या इजेशा बोलीस गाण्यांत जागा दिली, लॅटिन अमेरिकेच्या नाचांतील ठेके घेतले, आणि उर्होबो, इत्सेकिरी, हौसा अशा शेजारच्या भाषांतूनहि गीतें गाइलीं. शेंकडों भाषांच्या त्या देशांत योरुबा गायकानें शेजाऱ्याच्या भाषेंत गावें, ही त्या वर्षांत लहानशी गोष्ट नव्हती.

या संगीताचा संसार चालत असे तो आश्रयदात्यांवर. बारसें, लग्न, पदवीग्रहण, वृद्धाची उत्तरक्रिया अशा प्रसंगीं ताफा रात्रभर वाजतो. गायक यजमानाचें, त्याच्या वाडवडिलांचें नांव गीतांत गुंफतो. आणि प्रसन्न झालेला पाहुणा नाचत येऊन नोट गायकाच्या घामेजलेल्या कपाळावर चिकटवितो. भाट-शाहिरांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांना यांतील गोडी कळेल आणि धोकाहि कळेल. स्तुति विकली जाऊं लागली, म्हणजे गाणें स्वस्त होतें. डाइरो यांच्या गीतांत ही स्तुति म्हणी आणि उपदेश यांच्या धाग्यांत ओवलेली असे, म्हणून ती ज्याची केली त्याच्या घरापुरती न राहतां गांवाची झाली. १९६३ सालीं ब्रिटनच्या राणीकडून त्यांना ‘एम्. बी. ई.’ हा किताब मिळाला. आणि त्याच वर्षाच्या १ ऑक्टोबर रोजीं नायजेरियानें राणीचें अधिराज्य संपवून स्वतःस प्रजासत्ताक म्हणून घोषित केलें! कापडाचें गांठोडें घेऊन दारोदार फिरणाऱ्या मनुष्याच्या नांवापुढें हीं अक्षरें लागावीं, याचा त्यांच्या लोकांस अभिमान वाटला हें स्वाभाविक आहे.

किताबानें मान मिळतो. मालकी मिळत नाहीं. त्यांच्या गाजलेल्या तबकड्या ‘डेका’ या विलायती कंपनीनें काढल्या होत्या. १९६९ सालीं डाइरो यांनीं हारुना इशोला यांच्या सहकार्यानें ‘स्टार रेकॉर्ड्स’ ही स्वतःची संस्था उभारली. इशोला हे ‘अपाला’ नांवाच्या संगीताचे थोर गायक. त्यांच्या बैठकींत ना गिटार, ना अकॉर्डियन. ते मुसलमान, तर हे ख्रिस्ती. गाण्याच्या दृष्टीनें ते प्रतिस्पर्धीच म्हणावयाचे. तरीहि आपल्या आवाजाचे मालक आपण असावें, या एका विचारावर दोघे एकत्र आले. त्या वेळीं देशांत यादवी युद्ध चालू होतें. १९६७ च्या जुलैपासून १९७० च्या जानेवारीपर्यंत तें चाललें, आणि त्यांत अपार मनुष्यहानि झाली. त्या वर्षांत दोन धर्मांच्या दोन गायकांनीं एकाच पाटीखालीं दुकान मांडावें, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

परंतु लोकांची आवड कोणासाठीं थांबत नाहीं. १९६४ सालीं एबेनेझर ओबे यांनीं आपला ताफा काढला. थोड्याच वर्षांत सनी अडे पुढें आले. अडे यांनीं आपल्या ताफ्यास ‘ग्रीन स्पॉट्स’ असें नांव दिलें, त्यांत ‘ब्लू स्पॉट्स’ची आठवण उघड दिसते. या तरुणांनीं एका गिटारच्या ठिकाणीं अनेक गिटारी आणल्या, ढोल वाढविले. आणि मोठ्या तबकडीची एक अखंड बाजू भरेल एवढें गाणें लांबविलें. तीन मिनिटांत तीन अंक बसविण्याची डाइरो यांची हातोटी त्या विस्तारापुढें जुनी वाटूं लागली. १९८२ सालीं अडे यांच्या ध्वनिमुद्रिकेनें जुजू हें नांव जगभर झालें, तेव्हां त्यामागें उभे असलेले डाइरो परदेशीं फारसे कोणास ठाऊक नव्हते. ते स्वतः या काळांत बहुतांशीं धर्मकार्याकडे वळले होते. प्रार्थनेनें रोग बरे होतात असें मानणारा आणि उपासनेंत ढोल व नृत्य यांस जागा देणारा ‘चेरुबिम आणि सेराफिम’ नांवाचा एक ख्रिस्ती पंथ १९२५ सालीं योरुबा लोकांतच निघाला होता. डाइरो त्याचे उपदेशक झाले. विलायती चालींत ज्या देवाचें नांव अडखळत होतें, तें तेथें ढोलाच्या संगतीनें सरळ उच्चारलें जात होतें. त्यांच्या आयुष्याचे हे दोन भाग वरवर निराळे दिसले, तरी आंतून एकच होते.

उतारवयांत त्यांच्याकडे जगाचें लक्ष पुन्हा वळलें. १९९० सालीं त्यांच्या जुन्या तबकड्यांचा निवडक संग्रह परदेशीं प्रसिद्ध झाला. पुढें १९९४ व १९९५ सालीं अमेरिकेंतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकसंगीतविभागांत त्यांनीं अध्यापन केलें. घरच्या गरिबीमुळें ज्यांची प्राथमिक शाळा सुटली होती, त्यांच्यापुढें विद्यापीठाचे विद्यार्थी शिकावयास बसले. १९९४ सालींच त्यांची एक नवी ध्वनिमुद्रिका निघाली. तिचें नांव ‘आशिको’. आशिको हें एका ढोलाचें आणि त्यावर चालणाऱ्या जुन्या नाचगाण्याचें नांव आहे. सुतार बापानें सात वर्षांच्या मुलासाठीं केलेला ढोल मुलानें शेवटपर्यंत खालीं ठेविला नाहीं, असें या नांवावरून म्हणावेंसें वाटतें. ७ फेब्रुवारी १९९६ रोजीं ते निवर्तले. पुढें त्यांचे चिरंजीव पॉल यांनीं वडिलांचें एक गाजलेलें गीत नव्या काळच्या साजांत पुन्हा गाइलें, आणि डाइरो यांना न पाहिलेल्या पिढीच्या ओठांवर तें खेळूं लागलें.

श्रोतेहो, या चरित्रांतून आपण काय घ्यावें? परकें वाद्य दारांत येतांच त्याला हांकलून देणारे एका टोकाला असतात, आणि त्याच्यासाठीं आपली जीभ बदलावयास निघणारे दुसऱ्या टोकाला असतात. डाइरो यांनीं दोघांचेंहि ऐकलें नाहीं. त्यांनीं पाहुण्याला घरांत घेतलें, त्याला मानाची जागा दिली. फक्त घरांत बोलावयाची भाषा कोणती, हें मात्र त्यांनीं स्वतः ठरविलें. घर आपलें राहतें तें भिंतींमुळें नव्हे. आंत बोलल्या जाणाऱ्या भाषेमुळें राहतें. एवढी गोष्ट ज्या समाजाला कळली, त्यानें आपलीं दारें उघडीं ठेवावयास भिण्याचें कारण नाहीं.